हॅम्प्टन, मार्च २००९: फिश परत आले त्या तीन रात्री

कॅसेटवाला

परवा रात्री घरी येताना गाडीत ६ मार्च २००९ चं रेकॉर्डिंग लावलं. कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पहिले सूर आले आणि मी गाडी कडेला घेतली. गाणं संपेपर्यंत इंजिन बंद करून तिथेच बसून होतो. तेव्हापासून लिहायचं डोक्यात आहे. इथल्या दोघा-तिघांनी त्या रात्री तिथे असल्याचं कधीतरी सांगितलं होतं. तेही लिहितील या आशेवर धागा काढतोय.

ज्यांना फिश माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला १९८३ मध्ये कॉलेजातल्या मुलांनी सुरू केलेला बँड. ट्रे अनास्तासिओ गिटारवर, माइक गॉर्डन बासवर, जॉन फिशमन ड्रम्सवर आणि १९८५ पासून पेज मॅकॉनेल कीबोर्डवर. रेडिओवर हे कधी फारसे वाजले नाहीत. यांचं सगळं वैभव प्रत्यक्ष मैफलीत. रोज गाणी वेगळी, क्रम वेगळा, आणि गाण्याच्या पोटातून निघणारा जॅम, म्हणजे आयत्या वेळी सुचत जाणारं वादन, कुठे जाईल ते त्या चौघांनाही आधी ठाऊक नसतं. म्हणून यांचे चाहते गाण्यांबद्दल कमी आणि तारखांबद्दल जास्त बोलतात.

२००४ च्या मे महिन्यात ट्रेने बँड संपल्याचं जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये व्हरमाँटमधल्याच कॉव्हेंट्रीला निरोपाचे दोन दिवस झाले. ते कसे झाले हे तिथे गेलेल्यांनीच सांगावं. मी फक्त रेकॉर्डिंग ऐकलंय आणि तेही एकदाच. वाजवणं विस्कटलेलं होतं. एका गाण्यात पेजला रडू आवरेना, त्याला पुढे गाताच येईना. त्यानंतर २००६ च्या डिसेंबरमध्ये ट्रेला अटक झाली आणि न्यायालयाच्या देखरेखीखालच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमात त्याचं वर्षभराहून जास्त गेलं. आम्ही मनातल्या मनात बँडवर पाणी सोडलं होतं.

आणि १ ऑक्टोबर २००८ ला बातमी आली: मार्चमध्ये व्हर्जिनियात हॅम्प्टन कोलिझियमला तीन रात्री.

तिकिटांची कथा वेगळी लिहिता येईल, आत्ता राहू दे. आम्ही चौघं शिकत होतो, एका जुन्या गाडीतून साडेतीन तास प्रवास करून पोचलो. ती इमारत लांबून पाहिलीत तर कळेल लोक तिला ‘मदरशिप’ का म्हणतात. गोल, वरून पसरलेली, रात्री खालून रंगीत दिवे सोडलेले. एखादं अवकाशयान माळावर उतरून बसलंय असं वाटतं. आत बसायला नेमून दिलेल्या जागा नाहीत. जो आधी येईल तो पुढे. आम्ही दुपारपासून रांगेत होतो, त्यामुळे खाली जमिनीवर, माइक गॉर्डनच्या बाजूला, पाचव्या-सहाव्या ओळीत जागा मिळाली.

दिवे गेले. तो आवाज मी पुन्हा कुठे ऐकला नाही. टाळ्या वेगळ्या ऐकू येतच नव्हत्या. साडेचार वर्षं छातीत धरून ठेवलेलं काहीतरी तेरा-चौदा हजार माणसं एकदम सोडत होती. माझ्यापुढे चाळिशीतला एक उंच गृहस्थ होता, त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते आणि ते खाली घ्यायचं तो विसरला होता.

आणि त्यांनी ‘फ्लफहेड’ सुरू केलं.

या निवडीबद्दल मला लिहायचंय, बाकीचं तुम्ही लिहा. ‘फ्लफहेड’ हे सहज वाजवायचं गाणं नाही. ते लांबलचक, बांधलेलं आहे. अनेक तुकडे एकमेकांत गुंफलेत, ताल बदलत राहतो, गिटार आणि पियानो एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत जातात, आणि शेवटी सगळं एका मोठ्या उजेडात येऊन पोचतं. त्यात लपायला जागा नाही. एकाचं बोट चुकलं तर शेवटच्या ओळीतल्यालाही कळतं. २००२ च्या शेवटापासून २००४ पर्यंत बँड चालू होता त्या काळात लोक ‘फ्लफहेड’च्या पाट्या घेऊन उभे राहायचे आणि त्यांनी ते एकदाही वाजवलं नाही. सराव तुटला होता हे सगळ्यांना दिसत होतं.

परतीच्या पहिल्या रात्री सोपं काहीतरी वाजवून लोकांना नाचवणं त्यांना सहज जमलं असतं. कॉव्हेंट्रीबद्दल चार शब्द बोलले असते तरी आम्ही रडलो असतो. ते काहीच बोलले नाहीत. जे सगळ्यात अवघड होतं आणि जे त्यांनी टाकून दिलं होतं, ते पहिलं वाजवलं. ट्रेच्या बोटांकडे बघत मी श्वास रोखून होतो. पहिला अवघड तुकडा गेला, दुसरा गेला. मग माझ्या लक्षात आलं की आता काळजीचं कारण नाही. हे लोक रियाझ करून आलेत.

शेवटच्या भागाला पोचलो तेव्हा तो पुढचा गृहस्थ मागे वळला आणि त्याने मला मिठी मारली. माझी-त्याची ओळख नाही. नंतरही झाली नाही.

---

तीन रात्री

कॅसेटवाला, तुम्ही माइकच्या बाजूला, मी पेजच्या बाजूला. मी तिन्ही रात्री होते.

‘फ्लफहेड’बद्दल तुम्ही लिहिलंत त्यात बदलायला काही नाही. मी त्याच्या लगेच नंतरचं लिहिते, कारण माझ्यासाठी ती रात्र तिथे आहे. दुसरंच गाणं ‘डिव्हायडेड स्काय’. हेही बांधलेलं, जवळजवळ शब्द नसलेलं. त्याच्या मधोमध एक जागा आहे, जिथे ट्रे एक सूर धरतो, सोडतो आणि मग सगळेच थांबतात. चौघंही स्तब्ध. हात वाद्यांवर, पण आवाज नाही. किती वेळ थांबायचं हे त्या रात्रीवर असतं. एरवी या शांततेत लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात, ती एक गंमत असते.

त्या रात्रीची शांतता खूप लांबली, निदान मला तसं वाटलं. सुरुवातीला नेहमीचा गलका झाला. मग तो वाढत गेला, थांबेचना, आणि एका क्षणी मला समजलं की हे लोक आता गाणं पुढे जावं म्हणून ओरडत नाहीयेत. चौघं समोर उभे आहेत, धडधाकट आहेत, एकत्र आहेत, एवढ्यासाठीच ओरडतायत. ट्रे मान वर करून वरच्या ओळींकडे बघत होता. मी तेव्हा तिशीची होते, आणि आपण कुणासाठी इतक्या जोरात ओरडलो होतो हे आठवून आजही घसा भरून येतो.

ट्रेने पुढे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी व्हरमाँटमधल्या लडलोला निवासी केंद्र उभं केलं. २०२३ मध्ये ते सुरू झालं. त्यासाठीचा पहिला मोठा निधी २०२० च्या शरद ऋतूत, टाळेबंदीच्या काळात, त्याने न्यूयॉर्कच्या रिकाम्या बीकन थिएटरमधून आठ आठवडे घरबसल्या लोकांसाठी वाजवून जमवला होता. त्या केंद्राचं नाव ‘डिव्हायडेड स्काय’. बातमी वाचली तेव्हा मला ती हॅम्प्टनची शांतताच आठवली.

---

चिखलवाट

मी कॉव्हेंट्रीला होतो. कॅसेटवाल्यांनी म्हटलं म्हणून लिहितो, नाहीतर या विषयावर मी बोलत नाही.

आधीच्या दिवसांत इतका पाऊस झाला होता की मैदानाचा चिखल झाला आणि गाड्या आत घेणं बंद झालं. आम्ही महामार्गावर तासन्‌तास एकाच जागी उभे. शेवटी रेडिओवर खुद्द माइकचा आवाज आला की जे अजून रस्त्यावर आहेत त्यांनी कृपया परत जावं. ज्या माणसाला ऐकायला दोन दिवस गाडी हाकत आलो, तोच परत जा म्हणतोय. लोकांनी गाड्या महामार्गाच्या कडेला लावल्या आणि पाठीवर सामान घेऊन चालायला लागले. आम्हीही निघालो. मैलोन्‌मैल माणसांची रांग होती, वारीसारखी. एवढं चालून ऐकलं काय, तर आपल्याला जिवापाड आवडणारी माणसं आपलीच गाणी विसरतायत. शेवटी ‘द कर्टन’ वाजवलं, त्याच्या जुन्या लांब रूपात, आणि तेही सुरुवातीला अडखळले म्हणून थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं.

मी चिडलो होतो. हॅम्प्टनची बातमी आली तेव्हा मित्राने माझ्यासाठी तिकीट काढतो म्हटलं आणि मी नाही म्हणालो. परत जाऊन तेच बघायची हिंमत नव्हती.

बँडने तिन्ही रात्रींची रेकॉर्डिंग्ज सगळ्यांना फुकट उतरवून घ्यायला दिली होती. शनिवारी सकाळी मित्राचा फोन आला, म्हणाला काही विचारू नकोस, पहिलं गाणं ऐक. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संगणकाच्या बारीक स्पीकरवर ऐकलं. अवघड तुकडे आले की मी हातातला कप घट्ट धरत होतो. शेवटी कप ठेवला आणि जमिनीवर बसलो. बायको विचारायला आली काय झालं. मी म्हटलं, काही नाही, बरोबर वाजवलं.

तिकीट नाकारल्याचं दुःख आजही आहे. रागाच्या भरात मी ते पाऊल उचललं, त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

---

निळी बस

चिखलवाट, वाचून गलबलून आलं. ‘बरोबर वाजवलं’ हे वाक्य माझ्या लक्षात राहील.

---

समेवर

मी या संगीतात नवीन आहे. गेली अनेक वर्षं ख्याल शिकतोय, पाश्चात्त्य संगीत जेमतेम ऐकलंय. हा धागा वाचून काल रात्री सहा मार्चचं पहिलं गाणं ऐकलं आणि एक शंका आली. रागावू नका.

यांना जॅम बँड म्हणतात म्हणजे सगळा जीव बढतीत असणार असं मी धरून चाललो होतो. पण तुम्ही सगळे ज्यावर जीव ओवाळून टाकताय ती तर पक्की बांधलेली रचना आहे. तिची बांधणी मला आवडली, मधले काही तिहाईसारखे तुकडे फारच सुरेख आहेत. पण जॅम कुठे आहे? बंदिश अचूक मांडली म्हणून मैफल रंगली असं आमच्यात कुणी म्हणत नाही.

---

कॅसेटवाला

समेवर, रागावण्यासारखं काय आहे यात? अगदी योग्य जागी बोट ठेवलंत.

फिशकडे दोन्ही आहे. बांधलेल्या लांब रचना आणि मोकळा जॅम. आणि जॅमचेही चाहत्यांच्या भाषेत दोन प्रकार आहेत. टाइप वनमध्ये गाण्याची मूळ चौकट, म्हणजे तोच ठेका आणि स्वरांची तीच चाल, कायम राहते आणि तिच्या आत राहून चढत जायचं असतं. तुमच्या बढतीच्या हे बरंच जवळ आहे. टाइप टूमध्ये चौकटच सोडून देतात. कुणीतरी एक वेगळा सूर लावतो, दुसरा त्याच्या मागे जातो, आणि पाच मिनिटांनी तुम्ही कुठल्या गाण्यातून निघालात हेही आठवत नाही. परतायचं की नाही तेही ठरलेलं नसतं.

यासाठी ते एकमेकांना ऐकायचा सराव करायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा एक व्यायाम होता. एकाने छोटा तुकडा धरायचा, बाकीच्यांनी त्याला जोडून आपापला तुकडा बसवायचा, आणि बाकी तिघांचं आपल्याला स्पष्ट ऐकू येतंय, सगळं जुळलंय, असं वाटलं की ‘हे’ म्हणायचं. चौघांचा ‘हे’ एकत्र आला की पुढच्याने तुकडा बदलायचा. तासन्‌तास हेच. त्यात वाजवण्यापेक्षा ऐकण्याची तालीम जास्त होती.

२००४ पर्यंत तेच हरवलं होतं. चौघं एकाच मंचावर चार वेगळ्या ठिकाणी असायचे. बांधलेली रचना नीट वाजली याचा अर्थ आमच्यासाठी एवढाच की चौघं पुन्हा एकमेकांना ऐकतायत. त्याशिवाय जॅमचा प्रश्नच येत नाही.

---

कडेचा श्रोता

इथे एक वेगळं मत नोंदवतो. मीही शुक्रवारी, म्हणजे ६ मार्चला, होतो. वरच्या बाजूला, मंचाच्या जवळजवळ मागे.

‘फ्लफहेड’ने माझ्याही डोळ्यांत पाणी आणलं. पण मग रात्रभर मी वाट बघत राहिलो. पहिल्या सेटमध्ये, म्हणजे मध्यंतरापूर्वीच्या भागात, सोळा गाणी! ऐकायला आनंद झाला, प्रत्येक गाण्याला जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं, पण एकाही गाण्याने दार उघडून बाहेर पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या सेटमध्ये ‘ट्वीझर’ सुरू झालं तेव्हा म्हटलं आता निघालो. ‘ट्वीझर’ म्हणजे त्यांची हक्काची मोकळी जागा. तेही आटोपशीर झालं आणि पुढच्या गाण्यात गेलं. तीन तासांहून जास्त वाजवलं, पण मोकळं सोडलेलं असं पंधरा मिनिटंही नाही.

२००३ चा फेब्रुवारी घ्या. तेव्हा सराव कमी होता, चुका होत होत्या, तरी काही रात्री जॅम असे खोल जायचे की आजही ऐकताना कुठे उतरतोय ते कळत नाही. ते साहस हॅम्प्टनला नव्हतं. प्रकृती सुधारल्याचा आनंद वेगळा आणि मैफल मोठी होणं वेगळं. दोन्ही एकत्र केलं तर त्यांच्या खरोखरच्या मोठ्या रात्रींवर अन्याय होतो. हे मी त्यांच्यावर प्रेम आहे म्हणूनच म्हणतोय.

---

तीन रात्री

कडेचा श्रोता, शुक्रवारपुरतं मान्य. शनिवारचा दुसरा सेट मात्र पुन्हा ऐका. ‘घोस्ट’पासून पुढे एकातून एक गाणी अशी ओघळत जातात की टाळ्या वाजवायला जागा सापडत नाही. कुणी फार लांब गेलं नाही हे खरं, पण हात सैल झाले होते. फिशमनला शनिवारी बघायला हवं होतं. शुक्रवारी तो मान खाली घालून वाजवत होता. शनिवारी तो बासकडे बघत होता आणि माइकने काही वेगळं टाकलं की त्याचे डोळे मोठे व्हायचे.

आणि कुरोडाला कुणी विसरू नका! क्रिस कुरोडा, त्यांचे दिवे सांभाळणारा. लोक त्याला बँडचा पाचवा माणूस म्हणतात ते उगाच नाही. तो गाण्याबरोबर दिवे वाजवतो. जॅम कुठे वळणार हे त्याला आधी कळतं असं वाटावं इतकं अचूक. शुक्रवारी ‘हॅरी हूड’च्या शेवटी त्याने दिवे मंचावरून काढून आमच्यावर टाकले आणि आख्खं कोलिझियम एकमेकांना दिसलं. माझ्या शेजारच्या मुलीने इकडेतिकडे बघून नुसतं “बाप रे, किती आहोत आपण” असं काहीतरी म्हटलं.

---

जुनी टेप

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठा आहे आणि मूळचा ग्रेटफुल डेड या जुन्या अमेरिकन बँडचा माणूस. फिशकडे मुलीमुळे आलो. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. त्या इमारतीत हे आधी घडलंय.

ऑक्टोबर १९८९. तिकीट नसलेल्यांची झुंबड नको म्हणून डेडने हॅम्प्टनला दोन रात्री ‘फॉर्मर्ली द वॉरलॉक्स’ या नावाने ठेवल्या. वॉरलॉक्स हे त्यांचं अगदी सुरुवातीचं नाव. ९ तारखेला दुसऱ्या सेटमध्ये त्यांनी ‘डार्क स्टार’ काढलं, जे १९८४ नंतर कुणी ऐकलं नव्हतं. पहिले दोन सूर आले आणि छप्पर उडतंय की काय असं झालं. आणि एन्कोरला, म्हणजे सेट संपल्यावर लोकांच्या आग्रहाने परत येऊन वाजवतात तेव्हा, ‘अॅटिक्स ऑफ माय लाइफ’, जे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच सोडून दिलं होतं. तिघांच्या आवाजांची गुंफण, अवघड, जराही घाई चालत नाही. मी ते टेपवर ऐकलं, कुणाकुणाच्या हातून प्रत होत होत माझ्यापर्यंत आलेल्या. इतकी घासलेली टेप होती की गाण्याइतकीच खरखर ऐकू यायची.

म्हणजे सोडून दिलेलं गाणं हॅम्प्टनला परत उचलायचं, ही रीत फिशच्या आधीची आहे. २००९ ला मुलीने फोनवर ‘फ्लफहेड’ म्हटलं आणि मी म्हटलं, असणारच.

माझी परतीची रात्र मात्र शिकागोची. ९ जुलै १९९५ ला सोल्जर फील्डवर डेडचा शेवटचा शो झाला, महिन्याभरात त्यांचा गिटारवाला जेरी गार्सिया गेला. वीस वर्षांनी, ३ ते ५ जुलै २०१५, उरलेले चौघं त्याच मैदानावर परत आले. गिटारला कोण? तर तुमचा ट्रे अनास्तासिओ. १९९५ ला ज्या गाण्यावर संपलं होतं, ‘बॉक्स ऑफ रेन’, त्याच गाण्याने पहिली रात्र सुरू झाली. डेडचा बासवाला फिल लेश गायला लागला, म्हातारा आवाज, थोडा कापरा. माझ्या आजूबाजूला साठीतली माणसं लहान मुलांसारखी रडत होती. वीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती, आधीचा शोच पुढे चालू झाला होता.

आणि तिसऱ्या रात्री अगदी शेवटी काय गायले? ‘अॅटिक्स’. पडद्यावर जुने फोटो येत होते, गेलेल्यांचे आणि असलेल्यांचे. मला ती घासलेली टेप आठवत होती. संपल्यावर डेडचा ड्रमर मिकी हार्ट मायक्रोफोनपाशी आला आणि म्हणाला, ही भावना घरी घेऊन जा, तिचं काहीतरी चांगलं करा, एकमेकांशी मायेने वागा.

कडेचा श्रोता, शिकागोतही जॅम काही फार खोल गेले नाहीत. ट्रेने त्या गाण्यांसाठी महिनोन्‌महिने अभ्यास केला होता आणि तो जेरीची नक्कल न करता वाजवत होता, यावरच मी तृप्त होतो.

---

निळी बस

जुनी टेप, काका, हे सगळं वेगळा धागा काढून सविस्तर लिहा, विनंती. आम्ही तेव्हा शाळेत होतो.

---

पिवळा फुगा

बराच वेळ वाचतोय, लिहू की नको करत होतो.

माझं शुक्रवारचं सगळ्यात महत्त्वाचं गाणं दुसऱ्या सेटमधलं पहिलं. ‘बॅकवर्ड्स डाउन द नंबर लाइन’. बँडने ते लोकांपुढे पहिल्यांदाच वाजवलं. कुणाला शब्द माहीत नव्हते, खूप जण खाली बसले, काही पाणी आणायला गेले. नंतरही या गाण्याला लोकांनी नावं ठेवली, फार गोड आहे, फार सरळ आहे म्हणाले.

त्याची हकीकत अशी. ट्रे उपचारांच्या काळात सगळ्यांपासून तुटलेला होता. त्याच्या वाढदिवसाला टॉम मार्शलने, त्याच्या शाळेपासूनच्या मित्राने आणि त्यांची कित्येक गाणी लिहिणाऱ्या माणसाने, एक कविता पाठवली. जुने मित्र, वाढदिवस, वर्षं उलट मोजत जाणं. ट्रेने लगेच चाल लावून परत पाठवली. दोघांचं मध्ये थांबलेलं काम तिथून पुन्हा सुरू झालं.

मार्च २००९ ला दारू सोडून मला अकरा महिने झाले होते. घरचे म्हणत होते जाऊ नकोस, तिथे सगळे पिणार. त्यांची भीती खरी होती. पण या शोंमध्ये एक टेबल असतं, त्याला पिवळे फुगे बांधलेले असतात. डेडच्या काळापासूनची पद्धत आहे, फिशकडेही आहे. नशेशिवाय शो ऐकायला आलेले लोक सेटब्रेकला, दोन सेटच्या मधल्या सुट्टीत, तिथे जमतात. कुणी भाषण देत नाही. दहा-पंधरा मिनिटं गोल करून उभे राहतात, ज्याला बोलावंसं वाटतं तो बोलतो, आणि दिवे जायच्या आत सगळे आपापल्या जागी.

त्या सेटब्रेकला माझ्याशेजारी पंचवीस वर्षं न प्यायलेला एक माणूस उभा होता. त्याने विचारलं किती झाले. मी म्हटलं अकरा. त्याला वाटलं वर्षं. मी म्हटलं नाही, महिने. तो म्हणाला, मग तुझी रात्र माझ्यापेक्षा मोठी आहे. आत गेलो, दिवे गेले, आणि ते नवीन गाणं सुरू झालं. मला शब्द माहीत नव्हते पण मी एकही ओळ सोडली नाही.

ट्रेला त्या दिवशी दोन वर्षं आणि दोन महिने झाले होते. हे मी तेव्हा मनात मोजलं होतं.

---

चिखलवाट

पिवळा फुगा, धन्यवाद. मी त्या गाण्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी आहे. यापुढे ठेवणार नाही.

---

कडेचा श्रोता

मीही त्या गाण्याला पाणी आणायला गेलो होतो. आज पुन्हा ऐकतो.

साहसाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण एक भर घालतो. ते साहस परत आलं, वेळ लागला. ३१ जुलै २०१३, टाहो सरोवराकाठचं ‘ट्वीझर’. साधारण सदतीस मिनिटं. मध्ये एक टप्पा येतो जिथे ट्रेच्या तुकड्याला सगळं मैदान ओरडून उत्तर देतं आणि बँड ते उत्तर उचलून जॅममध्ये घेतो. आणि २०१७ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तेरा रात्री, २३७ गाणी, एकही पुन्हा नाही. २००४ मध्ये जे आपलीच गाणी विसरत होते, त्यांनी हे केलं. हॅम्प्टनशिवाय हे झालं नसतं हे मलाही दिसतं.

---

समेवर

सगळ्यांचं वाचलं. काल शुक्रवारचा दुसरा सेट ऐकला. ‘यू एन्जॉय मायसेल्फ’ संपताना वाद्यं थांबतात आणि चौघं नुसत्या आवाजांनी खेळतात, ते ऐकून थक्क झालो. शब्द नाहीत, लय आहे, एकमेकांच्या उच्चारांवर उच्चार टाकतायत. कॅसेटवाल्यांनी सांगितलेला ऐकण्याचा सराव तिथे मला स्पष्ट दिसला.

‘ट्वीझर’बद्दल विचारायचंय. ते मला अर्धवट सोडल्यासारखं वाटलं. मुखड्यावर परत येतील म्हणून मी थांबलो होतो आणि ते पुढच्याच गाण्यात गेले. हे असंच असतं का?

---

तीन रात्री

समेवर, छान पकडलंत! त्याला एक जोडगाणं आहे, ‘ट्वीझर रीप्राइज’. छोटंसं, तीन-चार मिनिटांचं, तोच मुखडा पण चढत चढत जाणारा. बहुतेक वेळा त्याच रात्री एन्कोरला वाजवतात. शुक्रवारी एन्कोरला तीन गाणी झाली आणि ते आलं नाही. बाहेर पडताना लोक एकमेकांना तेच विचारत होते. शनिवारीही नाही.

रविवारी अगदी शेवटी ते सुरू झालं. तोपर्यंत माझे पाय गेले होते, आवाज गेला होता. पहिला ठोका पडला आणि खालची अख्खी जमीन हलायला लागली, शब्दशः, पावलांखाली जाणवत होतं. कुरोडाने सगळे पांढरे दिवे एकदम सोडले. ट्रे जागेवर उड्या मारत होता.

---

समेवर

म्हणजे शुक्रवारी निघाले आणि सम रविवारी रात्री गाठली?

---

तीन रात्री

हो.

---

समेवर

मग मी आज शुक्रवारपासून पुन्हा सुरू करतो. तिन्ही रात्री क्रमाने, एकही गाणं न गाळता. रविवारपर्यंत पोचलो की इथे लिहीन.